मोरागची माणसं

अमेरिकेत कॅरी गावातल्या आमच्या घरी फोन वाजला, की पलीकडचं माणूस बहुधा मेलेल्या कुणाची तरी चौकशी करत असे. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. मैत्रिणीचा असेल म्हणून धावत जाऊन फोन उचलायचे आणि ओरेगनहून नाहीतर मिशिगनहून एखाद्या म्हातारीचा आवाज यायचा, "बाळ, मिसेस देशकर आहेत का? माझे पणजोबा त्यांच्याकडे आहेत असं कळलं." मी रिसीव्हरवर हात ठेवून ओरडायचे, "आई, कुणाचे तरी पणजोबा!" आई फोडणी बाबांच्या हवाली करून हात पुसत यायची आणि त्या अनोळखी बाईशी आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या इंग्रजीत बोलायला लागायची. कुठलं गाव, कुठलं जहाज, बायको पहिली की दुसरी. जेवणाच्या टेबलावर कायम दुसऱ्यांच्या घराण्यांचे कागद पसरलेले असत. आम्ही ताटं घेऊन सोफ्यावर बसायचो. "या घरात जिवंत आपण तिघं," बाबा म्हणायचे, "बाकी सगळे स्कॉटिश."

नॉर्थ कॅरोलायनाच्या दक्षिणेकडच्या वाळूच्या, पाईनच्या जंगलाच्या भागात जुन्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून जहाजं भरभरून माणसं आली. त्यांच्या खापरपणतवंडांना आता आपलं मूळ शोधायचं होतं, आणि त्यातल्या कितीतरी लोकांना ते शोधून देत होती माझी आई, जिचा स्कॉटलंडशी सुतराम संबंध नव्हता. आई औषधांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची. शनिवारी मला लायब्ररीत सोडायची आणि मी येईपर्यंत वेळ घालवायला मागच्या खोलीत बसायची. तिथे मायक्रोफिल्मची यंत्रं होती. हँडल फिरवलं की खर्र्र आवाज करत जुनी पानं सरकायची, आणि चार-पाच म्हातारी माणसं नाक पडद्याला लावून बसलेली असायची. एकदा त्यातल्या एका बाईला एक गिचमिड अक्षर लागत नव्हतं. आईनं शेजारून वाकून ते वाचून दाखवलं. "मोडीपुढे हे काहीच नाही," ती नंतर आम्हाला म्हणाली. त्या बाई म्हणजे मिस फ्लोरा. आमच्याकडे दक्षिणेत वयस्कर बायकांना नावापुढे 'मिस' लावून हाक मारतात, मग त्या लग्न झालेल्या असोत, विधवा असोत. आईला ते पटेना. ती मला म्हणायची, "मावशी म्हण." मी पुढे त्यांना 'मिस फ्लोरामावशी' म्हणायला लागले, आणि त्यांना वाटलं मावशी हे माझ्या आईचं माहेरचं आडनाव आहे आणि मी ते लाडानं त्यांनाही लावतेय.

माझ्या आईला खरं तर आडनावच नव्हतं. लग्नाआधी होतं ते अनाथाश्रमाचं. तिथल्या सगळ्या मुलींना एकच आडनाव लावत असत, म्हणजे शाळेच्या हजेरीत एकामागून एक बसायला बरं. तिला कुणीतरी आश्रमाच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं, पोटभर दूध पाजून, कारण सापडली तेव्हा ती रडत नव्हती म्हणे. एवढंच मला ठाऊक होतं, तेही बाबांकडून. आईसमोर तो विषय निघत नसे. शाळेत आम्हाला घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितला, तेव्हा बाबांच्या बाजूनं नागपूरच्या देशकरांच्या फांद्या कागदाबाहेर चालल्या होत्या आणि आईची बाजू कोरी. मी विचारलं, "आई, तुझ्या साइडला काय लिहू?" ती म्हणाली, "झाड काढ. पानं काढ. रंग दे." मी हिरवा रंग दिला. टीचरनं सुंदर म्हणून शेरा दिला. आज पन्नाशीकडे झुकताना मला त्या हिरव्या रंगाची लाज वाटत नाही, पण तो डोळ्यांपुढून जातही नाही.

मिस फ्लोरा ऐंशीच्या पुढच्या. काठी टेकत, पण लिपस्टिक लावल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या. लायब्ररी संपली की त्या आमच्याकडे यायच्या, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला पाउंड केक घेऊन. त्यांना आईचं थालीपीठ फार आवडायचं. त्यांची आजी ओटच्या पिठाची जाडसर भाकरी तव्यावर भाजायची, ती थेट अशी लागायची, असं त्यांचं म्हणणं. मग आईनं ओट मिक्सरमधून काढून, त्यात कांदा, मिरची, ओवा घालून थालीपीठ लावलं. मिस फ्लोरांनी पहिला घास घेतला आणि घास तोंडात ठेवूनच त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं तिखट लागलं. मी पाणी आणलं. पाणी बाजूला ठेवून त्या आईला म्हणाल्या, "सुमती, मी तुला एक गोष्ट कधी विचारली नाही. सगळे आपापले पणजोबा शोधून घेतात तुझ्याकडून. मला माझी एक मुलगी शोधून दे."

"मुलगी?" आई दचकली. मिस फ्लोरांना मूलबाळ नव्हतं.

"माझी नाही. कुणाची ते मला माहीत नाही. मोराग नावाची."

मग त्यांनी सांगितलं. त्या सहा-सात वर्षांच्या असताना त्यांची आजी वारली. आजीचं नाव एफी. ती लहानपणीच आईबापांबरोबर जहाजातून इकडे आली, इथेच वाढली, आयुष्यभर इंग्रजी बोलली, पण शेवटच्या दिवसांत इंग्रजी विसरली आणि गेलिक बोलायला लागली. गेलिक म्हणजे त्यांच्या डोंगरातली जुनी भाषा. एका दुपारी सगळे खाटेभोवती जमले होते. आजी उठून बसायला बघायची आणि म्हणायची, "मोराग बाहेर आहे. थंडी आहे. ती लहान आहे. दार उघडा." पुन्हा पुन्हा तेच. मोठी माणसं म्हणाली, ही आपल्या आजीला हाका मारतेय. एफीच्या आजीचं नाव खरोखरच मोराग होतं, तीही जहाजातून आली होती आणि इथेच गावच्या कब्रस्तानात पुरलेली होती. सगळ्यांचं समाधान झालं. छोट्या फ्लोराचं झालं नाही.

"मला गेलिकचे थोडेच शब्द यायचे," मिस फ्लोरा म्हणाल्या. "पण 'लहान' हा शब्द मला माझ्यासाठीच वापरायचे, तो मला पक्का माहीत होता. म्हातारीला कुणी लहान म्हणतं का? मी जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. कडाक्याची थंडी होती. माझ्या आईनं येऊन दार लावलं, मला चापट मारली, आणि आम्ही आत आलो तोवर आजी गेलेली होती." त्यांनी थालीपीठाचा दुसरा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "सुमती, मी काही भित्री नाही. नवरा गेल्यावर एकटी राहते. पण त्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा कुणीतरी आत आलं, आणि ते कोण हे कळल्याशिवाय मला मरायचं नाही."

त्यानंतर मोराग आमच्याच घरी राहायला आल्यासारखी झाली. आई भाजी चिरता चिरता थांबायची. लॅबमधून येताना भलत्याच एक्झिटला गाडी वळवायची. मला स्वतःला सांगायची लाज वाटते, पण शाळेतून येऊन रिकाम्या घरात शिरले, की मी आधी दारातून "हॅलो?" म्हणायचे आणि मग बूट काढायचे. एसीचा पंखा सुरू होताना जो सुस्कारा टाकतो, त्याची मला धास्ती वाटायची. मागच्या डेकचं, म्हणजे लाकडी ओट्याचं, सरकतं दार अधूनमधून बोटभर उघडं सापडायचं. "कूलिंग सगळं बाहेर चाललंय!" म्हणून बाबा मला रागवायचे. मी नव्हे हे मला माहीत होतं, आणि एकदा आईला ते दार हळूच बोटभर उघडताना पाहिल्यावर मी बाबांचं रागावणं मुकाट ऐकून घ्यायला लागले.

वसंतात आई, मिस फ्लोरा आणि मी त्यांच्या गावच्या कब्रस्तानात गेलो. मुख्य रस्ता सोडून वाळूची वाट, दोन्ही बाजूंना सरळसोट पाईन, खाली त्यांच्या वाळक्या सुयांचा घोट्याएवढा थर. पावलाचा आवाज होत नाही तिथे. मला तीच गोष्ट नको वाटली, आपल्याला आपलंच चालणं ऐकू न येणं. आईजवळ तिचा नेहमीचा आरसा होता. दगडावरची अक्षरं झिजलेली असली की ती मला बाजूला उभी करून आरशानं उन्हाची तिरीप दगडावर पाडायला लावायची. मग सपाट वाटणाऱ्या दगडातून सावलीची अक्षरं वर यायची. मी तिरीप धरली, आई गुडघ्यावर बसून वाचत गेली. हे एफीचे वडील. ही आई, तिचंही नाव एफी. ही वडिलांची आई, म्हातारी मोराग. ही थोरली मुलगी कॅथरिन. ही धाकटी एफी, म्हणजे मिस फ्लोरांची आजी. शिवाय दोन मुलगे.

आई उठेचना. मी म्हटलं, "आई, माय आर्म इज डाइंग." तिनं ऐकलं नाही. ती मिस फ्लोरांना म्हणाली, "तुमच्या लोकांत पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवतात ना?"

"हो. कॅथरिन."

"दुसरीला बापाच्या आईचं. आणि तिसरीला स्वतःच्या आईचं."

"हो, तशी जुनी रीत होती."

"आमच्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. घरात म्हातारी सासू बसलेली असताना तिचं नाव टाळून कोण पुढे जाईल?" आईनं कॅथरिनच्या दगडावर एक हात ठेवला आणि एफीच्या दगडावर दुसरा. "फ्लोरा, ही दुसरी नाही. ही तिसरी आहे. या दोघींच्या मध्ये एक मोराग आहे, आणि ती इथे नाही."

मिस फ्लोरा काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जहाजात गेली असेल." आई म्हणाली, "जहाजात गेलेल्या पोराला दार उघडा म्हणून कुणी म्हणत नाही."

मग शोध समुद्रापलीकडे गेला. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, किंचाळत, घसा खरवडत. आई घराण्यांची मुळं शोधणाऱ्या हौशी लोकांच्या इंटरनेटवरच्या एका चर्चा-फलकावर लिहीत असे, जिथे जगभरची माणसं एकमेकांना फुकट मदत करायची. तिथल्याच, स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या डोनल्ड नावाच्या एका निवृत्त शिक्षकाला आईनं पूर्वी मदत केली होती. त्याचा काका खलाशी होता, आमच्याकडच्या विल्मिंग्टन बंदरात मेला आणि तिथेच कुठेतरी पुरला गेला. आम्ही तिघं एका रविवारी जाऊन ती जागा शोधून, गवत काढून, फोटो पाठवून आलो होतो. आईनं मोरागबद्दल लिहिल्यावर डोनल्डचं एका ओळीचं उत्तर आलं: ते जहाज निघालं त्या किनाऱ्यावर माझ्या बायकोचं माहेर आहे, जाऊन विचारतो. मग कितीतरी आठवडे काहीच नाही.

तो फोन आला तो शनिवारी सकाळी. आई पोहे करत होती, फ्रोझन मटार घातलेले. मिस फ्लोरा लायब्ररीत जायला म्हणून आलेल्या होत्या आणि टेबलाशी चहा घेत होत्या. मी फोन उचलला, पलीकडून जाड, गोल, मला अर्धाच कळणारा आवाज आला, आणि माझ्या तोंडावरून आईनं ओळखलं. तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

"सुमती," डोनल्ड म्हणाला, "ती होती. म्हातारी होऊन मेली. तिच्या नातीला मी काल भेटून आलो. नव्वदीची आहे, कान शाबूत आहेत."

मिस फ्लोरांनी कप खाली ठेवला. डोनल्ड सांगत गेला. बंदरावर जहाज उभं होतं. सगळं सामान चढलं होतं. चढताना जहाजाच्या डॉक्टरनं पोरांना तपासलं, तर मधल्या मुलीच्या अंगावर गोवराचं पुरळ. तिला चढू देणार नाही म्हणाला. घरदार विकून झालेलं, मागे परतायला छप्पर नाही. निरोप द्यायला आलेल्या शेजारणीच्या कडेवर पोरीला दिलं, पुढच्या जहाजानं बोलावून घेतो म्हणाले. आणि मग पुढचं जहाज काही जमलं नाही. का, ते कुणाला माहीत नाही. शेजारणीनं तिला वाढवलं. मोरागचं लग्न झालं, मुलं झाली. मोठ्या मुलीचं नाव तिनं कॅथरिन ठेवलं, दुसरीचं एफी.

मिस फ्लोरांच्या तोंडून हुंकारासारखा काहीतरी आवाज निघाला. मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, काय करायचं ते न कळून. पोह्यांना करपल्याचा वास यायला लागला होता. बाबा गॅस बंद करायला उठले. तेवढ्यात आई फोनवर वाकून बोलली, एकदम कोरड्या आवाजात, "डोनल्ड, ती चिडलेली होती का? त्यांच्यावर? नातीला विचारलंत?"

"विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, आजी त्यांच्याविषयी बोलायचीच नाही. पण कुणी परक्यानं विचारलं की मोराग, तुझी माणसं कुठे आहेत, तर एकच सांगायची. पार म्हातारी झाली तरी तेच. म्हणायची, निघालीत."

स्पीकरमधून नुसती समुद्रापलीकडची खरखर येत होती. डोनल्ड "हॅलो? हॅलो?" करत राहिला. बाबांनी त्याच्याशी दोन शब्द बोलून, पुन्हा फोन करतो सांगून बटण बंद केलं. मिस फ्लोरा रडत होत्या, उघड, लिपस्टिक पुसली जाईल याची पर्वा न करता. आई रडत नव्हती. ती जमिनीवर बसली होती, ओव्हनला पाठ टेकून. मी तिला असं जमिनीवर बसलेलं पूर्वी पाहिलंच नव्हतं.

"काऊन गं, काय झालं?" बाबा खाली वाकले.

"मीपण हेच सांगायचे," ती म्हणाली. मराठीतच, म्हणजे आम्हा दोघांनाच. "आश्रमात नवीन मुलगी आली की विचारायची, तुझं कोण आहे. मी म्हणायचे, माझी माणसं निघालीत. गाडी चुकली असेल. बाकीच्या पोरी हसायच्या. मी फाटकाकडे तोंड करून जेवायला बसायचे. मोठी होईपर्यंत." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मीही त्या पोरींपैकी एक आहे. "मला वाटायचं ती माणसं तिकडे खुशाल असतील. आपल्याला विसरून मजेत जेवत असतील. मरताना कुणी उठून बसतं, दार उघडा म्हणतं, हे मला कसं कळावं?"

मिस फ्लोरांना भाषा कळली नव्हती, पण बाकी कळलं. त्या काठी टाकून, खुर्चीचा आधार घेत, हळूहळू, ऐंशीच्या वयात, आमच्या किचनच्या फरशीवर आईशेजारी बसल्या. पुढे त्यांना उठवायला मी आणि बाबा दोघं लागलो. त्या दिवशी लायब्ररी राहिली. आम्ही करपलेले पोहे वरवरचे काढून खाल्ले.

मिस फ्लोरांनी मग मोरागच्या त्या नव्वदीच्या नातीशी फोनवर बोलणं सुरू केलं. हिचं इंग्रजी तिला कळेना, तिचं हिला, तरी दर रविवारी बोलायच्या. कॅथरिन आणि एफी यांच्या मधोमध त्यांनी एक छोटा दगड बसवून घेतला. त्यावर नुसतं नाव घालायचं की आणखी काही, यावर त्यांनी आईचा सल्ला मागितला होता. आई म्हणाली, नुसतं नाव, आणि दगड दाराकडे तोंड करून. कब्रस्तानाला दार नव्हतं. मिस फ्लोरांनी तो वाटेकडे तोंड करून लावला. त्या पुढे काही वर्षं जगल्या आणि झोपेत गेल्या. दार उघडताना आत आलेलं कोण, ते त्यांना कळलं असं त्या म्हणायच्या. मला मात्र अजूनही कुठल्याही पाईनच्या जंगलात पाऊल टाकलं की कडेवर दिलेलं एक मूल दिसतं. ते रडत नसतं.

आई आज नाही. तिच्या जुन्या ईमेलवर अजून लोकांची पत्रं येतात, आणि मॉरिसव्हिलच्या माझ्या घरी बसून मी जमेल तेवढ्यांना उत्तरं देते. मला अर्थातच विचारतात, आता तर डीएनए तपासायला थुंकी पाठवली की सगळं कळतं, तुमच्या आईनं का नाही पाठवली? मी तिच्यासाठी ते किट मागवलं होतं. ती आजारी पडायच्या आधी. तिनं ते हातात घेऊन वाचलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत डब्यात ठेवलं. "शोधायला लागलं की त्यांना सापडावं लागतं," ती म्हणाली. "आपल्या नातवंडांसमोर, भर घरात. राहू दे त्यांना."

डोनल्डचा फोन आला त्या वर्षीच्या भाद्रपदाची गोष्ट सांगून हे पुरं करते. पितृपक्षातल्या अमावस्येला बाबा त्यांच्या वडिलांसाठी पान वाढायचे. ज्यांची तिथी ठाऊक नसते, त्या सगळ्यांसाठीही तीच अमावस्या असते. आजोबांची तिथी ठाऊक होती, पण ती हटकून ऑफिसच्या दिवशी यायची, म्हणून बाबांनी ही धरली होती, कारण त्या दिवशी सुट्टी काढायची हे त्यांनी मॅनेजरला एकदाच समजावून सांगितलं होतं. आईनं वडे, खीर, भात, वरण, गवारीची भाजी केली. अळूची पानं दूर एडिसनच्या देशी दुकानांत मिळायची, आमच्याकडे नाही, म्हणून वडी पालकाची. डेकवर पाट मांडून बाबांनी पान ठेवलं, पाणी सोडलं, नमस्कार केला आणि आत यायला वळले. तर आई दुसरं पान घेऊन दारात उभी.

"हे कुणाचं?"

"माझ्या आईचं."

बाबा बाजूला झाले. आईनं आजोबांच्या पानाशेजारी आपलं पान ठेवलं, वाकडं होतं ते सरळ केलं. बाबा जरा घुटमळले. ते स्वभावानं फार नेमस्त, आणि शास्त्र चुकू नये असं त्यांना मनापासून वाटायचं.

"सुमती," ते हळू आवाजात म्हणाले, "पण समजा ती जिवंत असली तर?"

"असली तर जेवेल," आई म्हणाली, आणि भातावर आणखी थोडं तूप सोडलं.